चाळिशीनंतरची पाटलोण

माझ्या थोरल्या भावाने माझे वरचे समोरचे दात पाडले, तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. तोवर शिवलेला कपडा मी क्वचितच अंगात घातला होता. अमरावतीत आमच्या घरी भिक्षुकी चालत आलेली. धोतर, उपरणं, थंडीत एक बंडी आणि अनवाणी पाय, एवढ्यावर माझं अर्धं आयुष्य गेलं. शहरातली वकील-डॉक्टरांची घरं दादांकडे होती. तिवशाकडची आणि चांदूर बाजाराकडची खेडी माझ्याकडे. ही वाटणी वडिलांनी करून दिलेली होती आणि मी ती कधी मोडली नव्हती.

चांदूर बाजारला रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, एक मोठे व्यापारी होते. त्यांच्या मुलीचं लग्न निघालं आणि त्यांनी मला निरोप पाठवला. घर माझ्याच वाट्याचं, पण एवढं मोठं कार्य धाकट्याकडे गेलं हे दादांना सहन झालं नाही. मी मांडवात कलश मांडत होतो. तांदळाची रास घातली होती. समोर शेठ आणि शेठाणी जोडीने बसले होते. दादा सरळ मांडवात आले आणि म्हणाले, "ऊठ पाटावरून."

"दादा, शेठजींनी मला बोलावलंय. कार्य होऊ द्या, मग काय ते बोलू."

त्यांनी भरलेला तांब्याचा कलश उचलला आणि माझ्या तोंडावर हाणला. पाणी अंगावर सांडलं, ते मला आधी कळलं. दुसरा घाव बसला तेव्हा तोंडात खडे आल्यासारखं वाटलं. ते माझे दात होते. मी तांदळाच्या राशीवर थुंकलो. नवरीच्या मामाने दादांना मागून धरलं, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

मला ओसरीवर नेऊन बसवलं आणि कोणीतरी हळद भरलेला बोळा तोंडात कोंबला. मुहूर्त टळत होता. लाल झालेले तांदूळ उचलून दुसरे आणले गेले आणि माझ्याच पाटावर बसून दादांनी पुढचं सगळं कार्य पार पाडलं. त्यांचा आवाज खणखणीत होता. ओसरीवर बसून मी तो शेवटपर्यंत ऐकला.

जखम भरली, पण दात गेल्यावर भिक्षुकाकडे काय उरतं ते मला तिवशाला कळलं. एका घरी श्राद्ध होतं. मी संकल्प सांगू लागलो आणि प्रत्येक 'स' शीळ होऊन बाहेर पडायला लागला. 'त' आणि 'द' तर कुठे जात होते कोण जाणे. घरातल्या सुना पदरात तोंड लपवून हसल्या. यजमानाने दक्षिणा दिली, नमस्कार केला आणि पुढच्या साली दुसऱ्याला बोलावलं. मग एकेक करून सगळीच घरं गेली.

शेठजींच्या मनाला मांडवातली गोष्ट लागून राहिली होती. अकोल्यात त्यांचं जिन होतं, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. तिथे हजेरी घ्यायला कारकून हवा होता. त्यांनी मला विचारलं, आणि मी घरी येऊन बायकोला सांगितलं. आमच्या मुली सासरी गेलेल्या, घरात आम्ही दोघंच. ती पोळ्या लाटत होती. ती अकोल्याकडची, तिची बोली लग्नानंतरही बदलली नव्हती.

"चला," ती म्हणाली. "ज्या गावात मारणारा पाटावर बसते अन मार खाणारा ओसरीवर, त्या गावात मले राहायचं नाई."

जिनात मी धोतर-उपरण्यातच गेलो. लोक माझ्यासाठी बाजूला होत आणि पायाही पडत. गड्यांचा मुकादम बायांना शिव्या देऊन, वेळ पडली तर हातातल्या चामडी पट्ट्याने मारून कामाला लावत असे. तोही मला 'महाराज' म्हणे. वरच्या पाटणीवर, म्हणजे लाकडी माळ्यावर, दोन्ही बाजूंनी यंत्रांच्या रांगा होत्या. बाया त्यांत ओंजळीने कापूस सोडत. खाली, अंधाऱ्या बोळात, एक लांबच्या लांब लोखंडी दांडा सारखा फिरत असे. त्याला शाफ्ट म्हणत. शाफ्टावरून चामडी पट्टे वर प्रत्येक यंत्राकडे जात. सरकी खाली पडे आणि ती गोळा करायला, तेल घालायला, माणसांना त्या बोळात जावं लागे. मलाही जावं लागे, कारण तिथल्यांची हजेरी तिथेच घ्यायची होती. इंजिन सुरू झालं की पायाखालची जमीन थरथरे, आणि हवेत रुईचा इतका धुरळा असे की समोरच्या माणसाचं तोंड दिसत नसे.

पहिला हंगाम रंगात आला होता, तेव्हाची गोष्ट. मी बोळात उभा होतो. तेल घालणारा गडी माझ्यापासून हातभर अंतरावर वाकला होता. माझ्याच वयाचा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला. सकाळीच त्याने मला त्याच्या सुनेला दिवस गेल्याचं सांगितलं होतं. त्याच्या धोतराचा सोगा सुटला आणि शाफ्टावरच्या बोल्टाला अडकला.

तो ओरडलाही नाही. धोतर क्षणात गुंडाळलं गेलं आणि त्याच्यामागून तो गेला. मी त्याचा हात धरला. तेवढ्यात माझं उपरणंही शाफ्टाने घेतलं. गळ्याला फास बसला आणि माझं डोकं खाली ओढलं जाऊ लागलं. उपरणं जुनं होतं, विरलेलं होतं, म्हणून टर्रकन फाटलं. नवं असतं तर हे लिहायला मी नसतो. मी मागे पडलो. माझ्या हातातून त्याचा हात सुटला. शाफ्ट त्याला फिरवत होता आणि प्रत्येक फेऱ्याला त्याचं डोकं बाजूच्या विटांच्या भिंतीवर आपटत होतं. वर बाया काही न कळून कापूस सोडतच होत्या. इंजिन थांबेतो बराच वेळ गेला. काढलं तेव्हा त्याला ओळखायला फक्त पायातलं कडं उरलं होतं.

मी घरी आलो तो गळ्याभोवती लाल वळ घेऊन आणि धोतरभर रक्त घेऊन. बायकोने पाणी काढलं. बादलीत धोतर बुडवलं, पाणी लाल झालं, ते फेकलं, पुन्हा बुडवलं. तिसऱ्या पाण्याला ती म्हणाली, "उद्या हेच नेसून जाणार काय?"

"नाही. पाटलोण शिवतो."

तिने हात थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्या सात पिढ्यांत कोणी पाटलोण घातलेली नव्हती.

बाजारात एक म्हातारा मुसलमान शिंपी होता. पोलिसांचे कपडे शिवायचा, सगळे त्याला खलिफा म्हणत. माझी शेंडी आणि गळ्यातलं जानवं पाहून त्याला वाटलं मी वाट चुकलो.

"पाटलोण? तुमाले, पंडितजी?"

"मलाच. पाय घोट्याशी अरुंद हवेत. कोट आखूड, कमरेखाली जाता कामा नये. बंद गळ्याचा. बाही मनगटाशी घट्ट, बटणं लावून. बाहेर खिसा नको. काहीही लोंबायला नको."

"साहेब लोक तर ऐसपैस शिवतात."

"साहेब लोक शाफ्टाखाली जात नाहीत."

त्याने माप घेताना फीत गळ्याशी आणली, वळ पाहिला आणि तिथे फीत सैल धरली. खाकी जाड कापड त्यानेच निवडलं. कामावर घालायला टोपीही घेतली, ती मात्र डोक्यावर बसेना. शेंडीची गाठ खालून वर येई. मी म्हटलं, "खलिफा, जरा कात्री द्या."

त्याने कात्री मांडीखाली सरकवली. "हे काम माह्या दुकानात नका करू, पंडितजी. लोक मले जगू देणार नाईत, अन तुमालेही."

त्याचं म्हणणं खरं होतं. मी पलीकडच्या न्हाव्याकडे गेलो. न्हाव्यानेही दोनदा विचारलं. शेंडी पडली तेव्हा मान एकदम हलकी झाल्यासारखी वाटली, तरी पडलेली शेंडी मी उचलून धोतराच्या सोग्यात बांधली.

कपडे आले. बूट चांभाराकडून करवून घेतले, नाडीऐवजी बक्कल लावून. आयुष्यभर मोकळे राहिलेले पाय त्यांत सोलून निघाले. टाचांतून रक्त येई आणि मोजा चिकटून बसे. पाटलोणीत खाली बसायला येईना, म्हणून जेवायला पुन्हा धोतर नेसावं लागे. बायको ती पाटलोण हाताने उचलत नसे. काठीने उचलून दोरीवर टाकी. जिनातही सगळं बदललं. पाया पडणं थांबलं. मुकादमाने पहिल्याच दिवशी मला खांद्याने ढकललं आणि म्हणाला, "बाजूले हो, बाबू." धोतर असताना त्याची ही छाती झाली नसती. पण मी बोळातून चाललो तर कोटाला एकही पट्टा चाटत नव्हता. मला तेवढंच हवं होतं.

बातमी अमरावतीला पोचली ती मात्र वेगळीच होऊन. मी मुसलमान शिंप्याच्या दुकानात शेंडी कापली, म्हणजे बाटलो, अशी. एका रविवारी दुपारी जिन बंद होतं. मी धोतर नेसून पानावर बसलो होतो. मागच्या अंगणात कोट-पाटलोण वाळत होते. दार लोटलं गेलं आणि दादा आत आले.

त्यांनी पहिल्यांदा माझं ताट लाथाडलं. भात भिंतीवर गेला. मग माझ्या डोक्याला हात लावून शेंडीची जागा चाचपली, आणि मानेला धरून मला फरफटत अंगणात नेलं. मी तेव्हा अंगाने त्यांच्याहून कमी नव्हतो. पण लहानपणापासून त्यांच्या हातचा मार खाल्लेला, त्यामुळे हात वर उचलायचा असतो हे शरीराला माहीतच नव्हतं. न्हाणीच्या चुलीवर पाणी तापत होतं. त्यांनी दोरीवरून कोट ओढला आणि चुलीत कोंबला. मग पाटलोण. जाड कापडाचा काळा धूर झाला. मी उठायला गेलो तर त्यांनी छातीत लाथ घातली आणि छातीवर पाय देऊन उभे राहिले.

"घराण्याला काळं फासलंस. आता जिथे शेंडी नाही तिथे डागच देतो."

त्यांनी चुलीतलं जळतं लाकूड ओढलं. माझ्या टाळूवर ते टेकलं तेव्हा आधी वास आला आणि मग वेदना. मी किंचाळलो.

बायको विहिरीवरून आली होती. तिच्या हातात कपडे धुवायची मोगरी होती. लग्न होऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती, पण दादांसमोर ती कधी तोंड वर करून उभी राहिली नव्हती, त्यांच्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती. तिने मोगरी दोन्ही हातांनी धरली आणि त्यांच्या कोपरावर मारली. हाड मोडल्याचा आवाज मी खाली पडल्या पडल्या ऐकला. लाकूड खाली पडलं. दादा वळले, तेव्हा तिने दुसरा घाव खांद्यावर घातला. ते गुडघ्यांवर बसले. त्यांच्या तोंडून आवाज निघेना, नुसतं तोंड उघडं राहिलं.

"भावजी, दुसरा हात शाबूत हाय," ती म्हणाली. "त्यानं दार उघडा अन जा. पुन्हा आलात त थोही ठेवणार नाई."

ते गेले. शेजारी दाराशी जमले होते, त्यांनी वाट सोडली. बायकोने मोगरी खाली ठेवली, माझ्या डोक्यावर गार पाणी ओतलं, कोरफड कापून लावली आणि मग न्हाणीत जाऊन बराच वेळ ओकत राहिली. मी बाहेरून ऐकत होतो. आत जावं की नाही, मला कळेना. शेवटी गेलो आणि तिची पाठ धरली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः खलिफाच्या दुकानात गेली. तो बिचारा घाबरलेला होता, दुकान अर्धं बंद. तिने बाहेरच्या पायरीवर उभं राहून सांगितलं, "मागचंच माप. कापड त्याच्याहून जाड. अन दोन-दोन शिवा. एक जळलं त दुसरं पायजे." त्या दिवसापासून पाटलोण ती हाताने धुऊ लागली.

दादांचा हात वाकडाच बसला. जातीतल्या लोकांनी आम्हाला पंगतीला बोलावणं बंद केलं. मुलींच्या सासरहून काही काळ पत्र आलं नाही, ते मात्र फार लागलं. माझ्या टाळूवर रुपयाएवढा डाग राहिला, तिथे पुन्हा केस उगवले नाहीत.

त्यापुढच्या हंगामात, एका सकाळी, बोळातून चिरकी आरोळी आली. सरकी गोळा करणाऱ्या एका बाईचा पदर शाफ्टाने धरला होता. मी वरच्या पाटणीवर होतो. रुईच्या गाठींवरचं तरट कापायचा सुरा दाराशी पडलेला असे, तो उचलून मी खाली उडी मारली. पदर तिच्या गळ्याभोवती आवळत होता आणि तिचे सुटलेले केसही त्यात चालले होते. डोळे बाहेर आले होते. पहिल्या वेळेसारखं मी ओढत बसलो नाही. बूट भिंतीच्या विटांना रोवले, डावा हात तिच्या छातीभोवती टाकला आणि उजवा हात शाफ्टाच्या अगदी कडेने आत घातला. बोल्टाचं डोकं बाहीवरून खरवडत गेलं, एक बटण उडालं, पण बाहीने धरू दिलं नाही. पदर कापला. केस कापायला वेळ नव्हता. त्यांच्यासकट कानामागची कातडी निघाली आणि आम्ही दोघं मागे कोसळलो. पडता पडता माझा डावा तळवा पट्ट्याखाली गेला, तिथे मांस हाडापर्यंत उघडं झालं.

ती जिवंत होती. मानेवर रक्ताचा ओघळ, अंगावर अर्धं लुगडं. शुद्ध आल्यावर तिचा पहिला शब्द होता, "माह्यं लुगडं फाडलं. एवढंच होतं." मी कोट काढून तिच्या अंगावर घातला. ती तो दोन्ही हातांनी गच्च धरून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी जखमी हाताला पट्टी बांधून मी फाटकावर उभा राहिलो. बायांना म्हटलं, अंगाला बसणाऱ्या बंडीशिवाय, पदर खोचल्याशिवाय कोणी खाली उतरायचं नाही. बाया थांबल्या. मुकादम पट्टा घेऊन आला.

"कोण तू सांगणारा? हजेरी लिही."

"बंड्या आल्याशिवाय लिहिणार नाही."

त्याने पट्टा माझ्या तोंडावर ओढला. गाल फाटला. दुसऱ्यांदा त्याने हात उचलला, तेव्हा मी त्याच्या नडगीवर बुटाने लाथ घातली. तो वाकला, आणि मी त्याला पुन्हा मारलं, मग पुन्हा. आयुष्यात मी कोणावर हात टाकला नव्हता. थांबावंसं वाटेना. दादा मला मारताना त्यांना काय वाटत असेल, ते त्या वेळी मला कळलं, आणि त्याची भीती वाटून मी थांबलो. शेवटी काल वाचलेली बाई, डोक्याला फडकं बांधून आलेली, पुढे झाली आणि तिने मुकादमाच्या हातातला पट्टा काढून घेतला.

शेठजी संध्याकाळच्या गाडीने आले. माझा फाटलेला गाल त्यांनी पाहिला. आधी म्हणाले, मुकादमाची माफी माग. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, नोकरी सोड. मी म्हटलं, सोडतो, पण मुकादमाचा पट्टा त्या बायांकडे आहे आणि त्या खाली उतरणार नाहीत. त्यांनी फाटकाबाहेर पाहिलं. मोसम भरात होता, कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. उठताना ते एवढंच म्हणाले, "शिंपी कोणता बोलावशील?"

खलिफाने परक्या बायांच्या अंगाला हात लावायची गोष्टच नव्हती. मापं माझ्या बायकोने घेतली. फाटकाशी चिंचेखाली दोरी घेऊन ती उभी राही, एकेकीची छाती-दंड मोजी, दोरीला गाठ मारी आणि खलिफा दुसऱ्या बाजूला तोंड करून तिने सांगितलेलं माप ऐकून घेई. निळ्या खादीच्या आखूड बंड्या शिवल्या गेल्या. उन्हाळ्यात बाया त्या काढून टाकत, शिव्याही देत. एका हंगामात एकीने ऐकलं नाही आणि तिचा हात कोपरापासून गेला. ते मी थांबवू शकलो नाही.

मुकादम महिनाभर लंगडत राहिला, मग मूर्तिजापूरकडच्या दुसऱ्या जिनात गेला. माझ्याकडे त्याचंही काम आलं. खुंटीवर तीन कोट झाले, एक त्यातला कामाचा नव्हे तर कचेरीत जायचा, काळा. डाव्या हाताची मूठ पुरती वळत नसे, म्हणून उजव्या मनगटाची बटणं बायको लावून देई. ती बटणं घट्ट ओढून लावी, इतकी की कधी कधी बोटं बधिर होत. मी तक्रार केली की ती म्हणे, "असू द्या. सैल मी नाई लावणार."